सिनाय, शेणै, शेणवी, लोटलीकर : आमच्या घराण्याच्या शोधात गोव्यात

शनिवार, मुंबई ते रामनाथी

मांडवी एक्सप्रेसने निघालो, मी आणि आत्या. आत्याचं वय बघता चुलतभाऊ म्हणत होता विमानाने जा, पण तिला कोकणातले बोगदे आणि चिपळूणनंतरचा सगळा हिरवा पट्टा बघायचा होता आणि खरं सांगायचं तर मलाही गाडीत बसून कागद नीट लावायला वेळ हवा होता. कागद म्हणजे काय, तर आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, त्यात आडनाव शेणवी. त्यांच्या नोकरीचे कागद, त्यात लोटलीकर. त्यांच्या मोठ्या भावाचं एक जुनं पत्र, खाली सही नुसती शेणै. आणि घरातली एक पोर्तुगीज चिठ्ठी, कधीची कुणास ठाऊक, तिच्यावर सिनाय. एकाच घरातली माणसं, एकाच चुलीवर जेवलेली, आणि कागदावर चार वेगळी घराणी वाटतात.

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या एवढंच सांगतात की आपण मूळचे लोटलीचे, देव रामनाथ, आणि धर्माच्या छळामुळे देवाला घेऊन नदी ओलांडली. लोटली गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, रामनाथ आता फोंड्याला बांदिवड्यात, मध्ये जुवारी नदी. आम्ही मडगावला उतरून रात्री टॅक्सीने गेलो तेव्हा राय, लोटली करत बोरीच्या पुलावरून पलीकडे आलो. आत्या खिडकीतून अंधारात बघत म्हणाली, देवाला न्यायला किती वेळ लागला असेल गं. टॅक्सीवाला म्हणाला आता बारा मिनिटं लागतात.

देवळाच्या अग्रशाळेत खोली मिळाली होती. स्वच्छ, साधी. जेवून झोपलो.

रविवार, रामनाथी

सकाळी देवदर्शन. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते, गाभाऱ्याचं चांदीचं काम बघून माणूस तिथेच थांबतो. आत रामनाथ, बाजूला शांतेरी कामाक्षी, लक्ष्मीनारायण, आणि बाकीचे परिवारदेव. आत्याने ओटी भरली, गाऱ्हाणं घालायला सांगितलं आणि भटजींनी विचारलं गाव कुठलं, गोत्र कुठलं, तेव्हा ती अगदी शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून बोलली.

इथे थोडा इतिहास सांगावाच लागेल, नाहीतर नावांचा घोळ कळणार नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली आणि 1543 मध्ये साष्टी आणि बार्देश त्यांच्या ताब्यात गेले. फोंडा तेव्हा आदिलशाहीत. म्हणून साष्टीतले देव एकेक करून नदीपार आले, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, रायची कामाक्षी शिरोड्याला, आणि लोटलीचा रामनाथ इथे. सगळं सोळाव्या शतकात. 2011 साली रामनाथ देवस्थानाने इथल्या वास्तव्याची 450 वर्षं साजरी केली होती, त्या सोहळ्याला आमचे बरेच नातेवाईक आले होते. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो थेट 1763 मध्ये. म्हणजे दोनशे वर्षं आमची माणसं पोर्तुगीज राज्याच्या बाहेर होती, त्यांची नावं मोडीत लिहिली जात होती, आणि 1763 नंतर हळूहळू तीच नावं पोर्तुगीज कारकुनाच्या कानातून जायला लागली.

रविवार असूनही देवस्थानाच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी आम्हाला वेळ दिला. गोव्यातल्या देवळांना महाजन, म्हणजे वंशपरंपरेने देवळाचे हक्कदार, असतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण महाजनांची अधिकृत यादी असते हे कमी जणांना माहीत. पोर्तुगीज सरकारने 1886 साली देवस्थानांसाठी नियम केले, माझानियांचं, म्हणजे महाजनांच्या मंडळांचं, रेग्युलामेंत म्हणतात, पुढे 1933 मध्ये ते सुधारले गेले, आणि त्यामुळे प्रत्येक देवळाला महाजनांचा कातालोग ठेवावा लागला. कोण महाजन, त्याचा बाप कोण, राहतो कुठे. वंशावळ शोधणाऱ्याला याच्याइतकं सोन्यासारखं साधन नाही आणि माझं स्पष्ट मत आहे की गोव्याशी संबंध असलेल्या प्रत्येक घराने पहिल्यांदा आपल्या कुलदेवळात जावं, सरकारी कचेरीत नंतर.

जुन्या यादीची प्रत बघायला मिळाली. त्यात आमच्या पणजोबांचं नाव शोधायचं होतं, वासुदेव रघुनाथ. गृहस्थ बोट ठेवून खाली खाली येत होते आणि मी बाजूने वाचत होते, गोपाळाचं गोपाला, शंकराचं शेंकोरा, गणेशाचं गोणेशा, पांडुरंगाचं पांडुरोंगा. मग ते थांबले. वासुदेवा रोगुनाता सिनाय लोटलीकार. आत्या म्हणाली हे कोण? मी म्हटलं, तुझे आजोबा.

तिला पटेना. तिच्या मते तिचे आजोबा वासुदेवराव लोटलीकर, आणि हे कुणीतरी ख्रिस्ती माणूस वाटतोय. मग त्या गृहस्थांनी फार छान समजावलं. पोर्तुगीज माणसाला आपला अ ऐकू यायचा तो ओसारखा, कोकणीत तो तसाच उच्चारतात, म्हणून रघुनाथाचा रोगुनाता. शब्दाच्या शेवटी बहुतेक व्यंजनं त्यांना नको, म्हणून शेवटी आ लावायचा. श लिहायला त्यांच्याकडे एक्स. क असेल तर सी किंवा क्यू, कारण 1911 च्या त्यांच्या शुद्धलेखन सुधारणेत के, डब्ल्यू आणि वाय ही अक्षरंच वर्णमालेतून काढली. आणि शेणै, जो आपला मान, तो त्यांच्या लेखी सिनाय. लोटलीकर हे नुसतं गाव सांगायला. कारकुनाने वाकडं काही केलेलं नाही, त्याने ऐकलं तसं आणि त्याला येत होतं तसं लिहिलं.

संध्याकाळी नागेशीला चालत गेलो. तिथल्या आवारात विजयनगरच्या देवरायाच्या काळातला, 1413 सालचा शिलालेख आहे. आत्या पायऱ्यांवर बसून राहिली, पाय दुखत होते. रात्री सोलकढी आणि खतखतें.

सोमवार, फोंडा

आज सगळ्यात महत्त्वाचं काम, आजोबांचा जन्मदाखला. आजोबांचं नाव यशवंत, जन्म 1919. चुलतभाऊ मागे एकदा येऊन गेला होता, त्याला हा दाखला मिळाला नव्हता, त्याला सांगितलं गेलं की नोंदच नाही. घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं की नोंद झालीच नसेल, खेड्यात कोण जातं.

पण गोव्यात पोर्तुगालमधल्या प्रजासत्ताकानंतर नागरी नोंदणी आली, जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्या धर्मांच्या लोकांची, आणि ती बऱ्यापैकी नीट ठेवलेली आहे. लोक अजून जन्मदाखल्याला नाशिमेंत म्हणतात. आणि हल्ली तर या जुन्या वह्यांना प्रचंड मागणी आहे, कारण 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लिस्बनमध्ये नोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्यासाठी लागतो तो तेओर, म्हणजे मूळ नोंदीची शब्दन्‌शब्द नक्कल. कचेरीबाहेर झेरॉक्सच्या दुकानात दोघं जण त्याबद्दलच बोलत होते, एकाचं बापाचं नाव दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं, आता हीच ती व्यक्ती असं अॅफिडेव्हिट कुठे करायचं.

आम्हाला मदत करायला पोर्तुगीज उत्तम वाचणारे एक निवृत्त काका आले होते, देवळातल्या गृहस्थांनीच जोडून दिलेले. त्यांना मी वाय, जे, वाय-ई-एस, अशी सगळी स्पेलिंगं लिहून दाखवली. त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, बाय, दोन गोष्टी. एक, पोर्तुगीज अनुक्रमणिका आडनावावरून नसतेच, ती माणसाच्या पहिल्या नावावरून असते, तेव्हा लोटलीकर, शेणवी, सिनाय हे तू विसरून जा. आणि दुसरं, वाय हे अक्षर तेव्हा नव्हतंच, तर यशवंत वायमध्ये कसा सापडेल? ई उघडा.

ई उघडलं. एस्वोंता. एक नाही, चांगले पाचसहा एस्वोंता. मग वडलांचं नाव लावून बघत गेलो आणि एका ओळीवर काकांचं बोट थांबलं.

वही मोठी, कागद पिवळा पण शाई अजून काळीकुट्ट, अक्षर इतकं वळणदार की मला तर ती नुसती वेलबुट्टी वाटत होती. काका हळूहळू वाचायला लागले आणि मराठीत सांगायला लागले. अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक वाड्यावर एक मुलगा जन्मला, त्याचं नाव एस्वोंता, वासुदेवा रोगुनाता सिनाय लोटलीकार याचा मुलगा, धंदा शेतमालक, आणि मग, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं, बापाकडून आजोबा रोगुनाता आणि आजी, आईकडून आजोबा आणि आजी. पोर्तुगीज जन्मनोंदीत मुलाचे चारही आजीआजोबा लिहितात. आपल्या इकडच्या दाखल्यात बापाचं नाव नीट असलं तरी नशीब.

आईचं नाव रुक्मिनीं. आत्या म्हणाली हो हो, रुक्मिणीबाई, माझी आजी. ते जुळलं.

मग काका म्हणाले लग्नाची नोंदही बघू, लग्न या वहीच्या काळातच झालेलं दिसतंय. ती काढायला बराच वेळ गेला, मध्ये जेवणाची सुट्टी झाली, आम्ही समोरच्या हॉटेलात पातळभाजी पाव आणि मिरचीभजी खाल्ली, परत आलो. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं नाव तेच, नवरीचं नाव बागिरोतीं, अमक्याची मुलगी, केरी गावची. भागीरथी. आत्याने आयुष्यभर आजीला रुक्मिणीबाई म्हणूनच ओळखलं, लग्नात नाव बदललं होतं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग काकांना म्हणाली, ते नाव मला मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्याल का. काकांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं.

मला हे आवर्जून सांगायचंय. पुरुषांचं नाव कारकुनाच्या कानाने बदललं, बायकांचं घरच्यांनीच बदललं, पहिलं नाव आणि माहेरचं नाव दोन्ही गेलं. त्यामुळे वंशावळीत पुरुषांची साखळी सापडते आणि बायका नुसत्या कंसात राहतात. आम्ही आता आमच्या तक्त्यात प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आधी लिहिणार आहोत, जिथे मिळेल तिथे.

दाखल्यांसाठी अर्ज केले, पावती घेतली.

मंगळवार, पणजी

फोंड्याहून बसने पणजी. आत्या अग्रशाळेतच थांबली, मी एकटीच. आज पुराभिलेख खात्यात दिवस.

हे गोव्याचं दफ्तर भारतातल्या सगळ्यात जुन्या दफ्तरांपैकी आहे, 1595 मध्ये स्थापन झालं आणि पहिला दफ्तरदार होता दियोगु दु कौतु, तो इतिहासकारच. आणि विसाव्या शतकात हे दफ्तर ज्यांनी नीट लावलं ते पांडुरंग पिसुर्लेकर. त्यांचं नावच घ्या, पोर्तुगीज पुस्तकांवर पांडुरोंगा, मराठीत पांडुरंग, आडनाव पिसुर्ले गावावरून, मध्ये सखाराम शेणवी. अख्खं आयुष्य जुन्या कागदांत घालवलेल्या माणसाचं स्वतःचं नावही असं दोन लिप्यांत राहिलं.

अर्ज भरला, ओळखपत्र दिलं, आणि वाचनकक्षातल्या मॅडमना सांगितलं की 1919 च्या आधी जायचंय, खापरपणजोबा रघुनाथ, फोंडा महाल. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मी कुणालाही सांगेन. पहिली, नागरी नोंदणीच्या आधी हिंदूंचा जन्म चर्चच्या पुस्तकात नसतो, त्यामुळे जन्म शोधत बसू नका, जमीन शोधा, जमिनीचा व्यवहार केला असेल तर नोटरीच्या वहीत नाव असणार. दुसरी, जुन्या काबिजादींतला, म्हणजे साष्टी, बार्देश, तिसवाडीतला गाव असेल तर कागद वेगळे, नव्या काबिजादींतला, म्हणजे फोंड्यासारख्या नंतर घेतलेल्या भागातला असेल तर वेगळे. आपला माणूस त्या वर्षी कुठल्या राज्यात होता हे आधी ठरवा.

फोंड्याच्या नोटरीच्या वह्या मागवल्या. सकाळभर काहीच नाही. वह्यांना वाळवीने खाल्लेली भोकं, पानं चिकटलेली, मी मऊ ब्रश आणि हातमोजे घेऊन पानं उलटत होते आणि डोळे दुखायला लागले होते. दुपारनंतर 1883 च्या एका वहीत, एका भाटाच्या, म्हणजे नारळाच्या बागेच्या, विक्रीच्या दस्तऐवजात, रोगुनाता सिनाय लोटलीकार, जेंतीव, म्हणजे हिंदू, घेणारा.

नाव तर सापडलं, पण हा आमचाच रघुनाथ कशावरून? लोटलीहून आलेली घरं काही कमी नव्हती. वाडा तोच होता. बापाचं नावही लिहिलेलं होतं, पण ते मला पडताळायला काही नव्हतं. मग मी दस्ताच्या शेवटी गेले. वर सगळं पोर्तुगीज, नोटरीची लांबलचक सही, साक्षीदारांच्या सह्या रोमनमध्ये, आणि त्यांच्यामध्ये एक ओळ मोडीत. घट्ट, उजवीकडे झुकलेली, हात न उचलता एका दमात लिहिलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढून पुढच्या माणसाच्या सहीत गेलेली. मला मोडी फार येत नाही पण सह्या वाचण्याइतकी शिकून आले होते. रघुनाथ शेणै लोटलीकर.

एकाच पानावर दोन हात. वर कारकुनाने त्याचं नाव रोगुनाता सिनाय लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं असेल, त्याने ते मान्य केलं, आणि खाली स्वतःचं नाव स्वतःला माहीत होतं तसं लिहिलं. मी तिथे बसून रडले, खरंच. मॅडमनी पाणी दिलं. त्यांना सवय असावी.

आणि हा आमचाच आहे हे पक्कं कसं झालं, तर आजोबांच्या मोठ्या भावाने पत्राखाली जी शेणै अशी सही केलीय ती बाळबोधमध्ये असली तरी मी फोनवर काढलेला तिचा फोटो शेजारी ठेवून बघितला. त्या पत्रात त्यांनी त्याच भाटाचं नाव लिहिलंय, त्यांच्या आजोबांनी घेतलेलं भाट, त्याच्या भागाच्या नारळांबद्दल. सहीवरून नाही, भाटाच्या नावावरून जुळलं.

दस्ताच्या नकलेसाठी अर्ज दिला. जाता जाता मॅडमनी एका टेबलावरचं एक पान दाखवलं, गोंयकानडी लिपीतलं. साष्टी, तिसवाडीतल्या कोमुनिदादींचे, म्हणजे गावच्या सामायिक जमीनसंस्थांचे, जुने कागद या लिपीत आहेत, आता ती वाचणारे अगदी मोजके उरलेत. म्हणजे आमच्यासारख्या घराचं नाव आधी या लिपीत, मग मोडीत, मग पोर्तुगीजात, मग मुंबईत इंग्रजीत आणि देवनागरीत. प्रत्येक वेळी लिहिणारा वेगळा आणि राज्य वेगळं.

बुधवार, लोटली

आज आत्याला घेऊन लोटली. लोटलीबद्दल वाचलं होतं, पण जाऊन बघण्यात वेगळंच आहे. मोठमोठी जुनी घरं, दारापुढे बसायचे बाल्कांव, शिंपल्यांच्या खिडक्या, मधोमध साल्वादोर दु मुंदु चर्च. चित्रकार मारियो मिरांडांचं घर इथेच, आणि त्यांच्या घराण्याचं धर्मांतराआधीचं आडनाव सरदेसाई होतं असं सांगितलं जातं.

इथे 1567 च्या सुमारास काय झालं ते जेझुइट धर्मप्रसारकांच्याच लिखाणात आहे. राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रुद्रीगिश याने लोटलीच्या गावकऱ्यांना बोलावलं, ते आले नाहीत, त्याचा राग म्हणून गावचं देऊळ जाळलं. गावकरी गप्प बसले नाहीत, दाद मागायला गेले, आणि कप्तानाने देऊळ बांधून द्यावं असा निकालही मिळाला. पण धर्मगुरू मध्ये पडले, निकाल फिरला, आणि त्यानंतर साष्टीतली बाकीची देवळंही पाडली गेली. मला त्या गावकऱ्यांचा फार अभिमान वाटतो, ज्या राज्यात आपलं काही चालणार नाही हे कळत होतं तिथेही त्यांनी अर्ज केला. आत्याला मी हे गाडीत सांगितलं तर ती म्हणाली, मग आपल्या घरात कोर्टाची हौस तेव्हापासूनची आहे.

एका ओळखीतून गावातल्या एका वयस्कर ख्रिस्ती गृहस्थांकडे गेलो. त्यांचं नाव इथे देत नाही. ते इथल्या कोमुनिदादीचे गांवकार. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी फार जुनी संस्था, पोर्तुगीजांच्याही आधीची, आणि गांवकारांच्या पुरुष वारसांना तिच्या उत्पन्नातून वर्षाला जोण मिळते. गांवकार वांगडांत विभागलेले, वांगड म्हणजे एका मूळपुरुषाचा वंश. आम्ही बाल्कांवमध्ये बसलो, त्यांच्या सुनेने लिंबूसरबत आणलं, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुमी खंयच्या वांगडाचीं?

आम्हाला माहीत नव्हतं. नदीपार गेलेल्यांचे गावातले हक्क, जमिनी गेल्या, वांगडाची आठवणही गेली असावी. मी त्यांना देव सांगितला, गोत्र सांगितलं. ते म्हणाले गोत्र आम्हाला नाही, पण वांगड आहे, आणि आमच्या वांगडाचा मूळपुरुष शेणै होता, आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं आठवून लिहितेय. बाप्तिस्मा झाला की नवं नाव मिळायचं, आणि आडनाव मिळायचं ते पाद्रिन्यूचं, म्हणजे धर्मपित्याचं, तो कुणी पोर्तुगीज अधिकारी, नाहीतर धर्मगुरू. दोन भावांचा बाप्तिस्मा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाद्रिन्यूसमोर झाला तर एक भाऊ मिनेझिस आणि दुसरा फिगेरेदु. त्यामुळे आडनावावरून तुम्ही ख्रिस्ती घराण्याचं मूळ शोधायला गेलात तर पोर्तुगालला जाऊन पोचाल, आणि वांगडावरून गेलात तर याच गल्लीत. त्यांच्याकडे एका जुन्या कोमुनिदाद कागदाची नक्कल होती, त्यात सुरुवातीच्या पिढीतल्या एकाच्या नावापुढे लिहिलेलं, अमक्या शेणै जेंतीवाचा मुलगा. नवं नाव पोर्तुगीज, बापाचं नाव आपलं, एकाच ओळीत.

आत्याने विचारलं, मग आपण नातेवाईक का? ते हसले आणि म्हणाले वांगड कळला तर सांगता येईल, पण लोटलीत त्या वेळी शेणैंची घरं किती असणार, नातं नसलं तर शेजार तरी नक्की. आत्या आमच्या घरात सोवळंओवळं सगळ्यात जास्त पाळलेल्या पिढीतली. तिने त्यांच्याकडे सरबत घेतलं, सुनेला कुंकवाऐवजी फुलं दिली, आणि निघताना त्यांना म्हणाली रामनाथीला या, देव तुमचापण. ते म्हणाले येतो की, आमच्या घरचे दर वर्षी तेल पाठवतात.

मला माहीत आहे की या विषयावर लोक लगेच भांडायला लागतात, कोण पळालं, कोण बाटवलं गेलं, कुणी काय सोडलं. मी एवढंच म्हणेन की जमीन सोडायची की देव, हे ज्यांना ठरवावं लागलं त्यांच्याकडे चांगला पर्याय नव्हता. दोन्ही भावांनी नुकसान सोसलं. एकाने गाव राखलं आणि नाव गेलं, दुसऱ्याने देव राखला आणि गाव नुसतं आडनावात उरलं.

गुरुवार, मडगाव आणि परत

सकाळी मडगावला वांगडांच्या यादीबद्दल चौकशी. दक्षिण गोव्याच्या कोमुनिदादींचा कारभार इथून चालतो. यादी बघायला रीतसर अर्ज लागतो, तो दिला. लोटलीच्या काकांनी आपल्या वांगडाचा क्रमांक लिहून दिला होता, तो सोबत जोडला.

मग बाजारात गेलो, आत्याने सुक्या मिरच्या, कोकम आणि काजू घेतले, मला खाजें. रात्रीच्या कोकणकन्येने परतीचं तिकीट.

गाडीत तक्ता मांडून बसलो. आत्ता हाताशी काय आहे ते सांगते. यशवंत, 1919. वासुदेव आणि भागीरथी ऊर्फ रुक्मिणी, केरीची. रघुनाथ, 1883 च्या दस्तात, स्वतःच्या मोडी सहीनिशी. रघुनाथाच्या बापाचं नाव दस्तात आहे पण दुसऱ्या कागदाने पडताळलेलं नाही म्हणून ते पेन्सिलने. त्याच्या मागे फोंड्यातला मोडीचा काळ, देवस्थानाच्या जुन्या हिशोबांत आमची माणसं असणार, वर्गणी, तेल, नंदादीप, कुणी ना कुणी काही दिलं असणारच. त्याच्याही मागे लोटली, तिथे मोडी नाही, गोंयकानडी. मोडी वाचणाऱ्या पुण्यातल्या एका ताईंना हिशोबांचे फोटो पाठवायची देवस्थानाकडून परवानगी मिळाली की कामाला लागायचं.

ज्यांचं मूळ गोव्याचं आहे आणि जे शोधायला निघणार असतील त्यांच्यासाठी, आडनाव घेऊन जाऊ नका. कुलदेव, गाव, वाडा, आणि वडिलांपासून मागे जितकी पहिली नावं मिळतील तितकी घेऊन जा, बायकांची सासरची आणि माहेरची दोन्ही. भाटाचं, शेताचं, कुळागराचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, आम्हाला शेवटी त्यानेच वाचवलं. यशवंत असेल तर ई बघा, शंकर असेल तर एक्स, कृष्ण असेल तर सी, केशव असेल तर क्यू. आणि मुंबईत आलेल्या पिढीचे शाळेचे दाखले टाकू नका, शेणवी लिहिलेलं असलं तरी ते आपलेच आहेत.

आत्याने ठाण्याच्या आधी जागं करायला सांगितलंय, तिला लोटलीच्या काकांना पोचलो म्हणून फोन करायचाय. मी म्हटलं पहाटे नको, घरी पोचलो की करू.